एका रोपाचे दोन गंध : कोथिंबीर आणि धणे

नमस्कार. माझ्या एका तळहातावर धणे आहेत आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी आहे. दोन्ही एकाच रोपाचे भाग आहेत हे आपण जाणतो, तरी डोळे मिटून वास घेतला तर ते पटत नाही. पानाचा वास हिरवा आणि उग्र असतो, तर धण्याचा वास गोडसर, काहीसा संत्र्याच्या सालीकडे झुकणारा असतो. स्वयंपाकघरात आणि औषधात या दोघांना वेगवेगळी वागणूक का मिळते, हे या फरकातून उलगडते.

आधी हा धणा पाहा. आपण याला बी म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फळ आहे. बोटांनी दाबले की त्याचे दोन अर्धगोल होतात आणि प्रत्येकात एक बी असते. म्हणूनच पेरण्यापूर्वी धणे हलक्या हाताने रगडून फोडून घेतात. जिरे, ओवा, बडीशेप, शेपू आणि गाजर ही याचीच भावंडे असून, या सर्वांची बारीक फुले छत्रीसारख्या झुपक्यात येतात.

पानाचा वास प्रामुख्याने अल्डिहाइड गटातील द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये उष्णतेने लवकर उडून जातात, आणि म्हणून आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरण्याची आपली रीत अत्यंत योग्य आहे. कोथिंबीर वडी वाफवूनही आणि तळूनही तिचा स्वाद उरतो, याचे कारण मला असे वाटते की तिच्यात पानच मुख्य असते, पीठ केवळ बांधण्यापुरते. काही जणांना मात्र ही पाने साबणासारखी लागतात. गंध ओळखणाऱ्या एका जनुकातील फरकाशी याचा संबंध असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा घरात असे कोणी असेल, तर त्याला खाण्याचे नखरे करणारा म्हणू नये.

धण्यात मुख्य सुगंधी द्रव्य लिनॅलूल असते, जे लव्हेंडरच्या फुलांतही आढळते. आपल्याकडच्या टपोऱ्या धण्यात सुगंधी तेल साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी असते, पण तेवढ्यावर गोडा मसाला उभा राहतो. त्या मसाल्यात धण्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते, आणि ते मंद आचेवर, रंग किंचित पालटेपर्यंतच भाजावेत. दळल्यानंतर हा सुगंध झपाट्याने उतरतो, त्यामुळे धणेपूड एका वेळी थोडीच करून ठेवावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

संस्कृतात याला धान्यक म्हणतात आणि कुस्तुम्बुरु हे जुने नाव थेट पाणिनीच्या सूत्रात आले आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात धान्यक हिम सांगितला आहे: कुटलेले धणे सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी गाळून साखर घालून प्यायचे, आणि तो अंतर्दाह व तहान यांवर द्यायचा. येथे पाणी उकळायचे नाही हे मला विशेष वाटते, कारण उडून जाणारे तेल त्यामुळे जपले जाते. धान्यपंचकात मात्र धणे, सुंठ, बेल, नागरमोथा आणि काळा वाळा यांचा उकळून काढा करतात आणि तो पचनाच्या तक्रारींवर देतात.

धण्याच्या पाण्याने थायरॉईडचा आजार बरा होतो, असे सांगणारे संदेश आपल्यापर्यंत सतत येतात. तसे सिद्ध झालेले नाही, आणि अशा संदेशावर विसंबून गोळी बंद करणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे कोथिंबिरीत के जीवनसत्त्व असते; रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी जुडीच्या जुडी चटणीत घालण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

कुंडीत लावलेली कोथिंबीर ऊन वाढले की तुरे काढते, पाने बारीक होतात आणि बहुतेक जण ते रोप उपटून टाकतात. ते तसेच राहू द्या. पांढरी फुले गळल्यावर हिरवे, कोवळे धणे धरतील. त्यातला एक चुरडून पाहा, त्याला अजून पानाचाच उग्र वास असेल. पुढे तो पिकून वाळेल तशी अल्डिहाइडे कमी होतील आणि त्याच फळातून धण्याचा वास येऊ लागेल.