दोन वाक्यांमधली फट

[दृश्य: बाकावर दोघीजणी. आवाज नाही, फक्त ओठ हलताना दिसतात.]

या दोघी नुसत्या गप्पा मारतायत. ‘नुसत्या’ हा शब्द आपण सहज बोलून जातो. आता चित्र जरा संथ करू.

[दृश्य संथ होतं.]

डावीकडचीचं वाक्य संपलं, उजवीकडचीचं सुरू झालं. मध्ये गेले साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. २००९ साली दहा भाषांमधली संभाषणं तपासली गेली. भाषेगणिक थोडाफार फरक निघाला, पण ही फट सगळीकडे इतकीच चिंचोळी होती.

आता गंमत बघा. समोरच्या चित्राचं नुसतं नाव सांगायचं, तरी मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग उत्तर इतक्या लवकर येतं कुठून? वाक्य अर्ध्यावर असतानाच ते कुठे जाऊन टेकणार, हे उजवीकडचीने ताडलेलं असतं. उत्तराची जुळवाजुळवही सुरू झालेली असते. तिचा श्वास बघा... समोरचीचं बोलणं संपतं न संपतं तोच हिने तो आत ओढायला घेतलासुद्धा.

पण शब्द ताडून भागत नाही. समोरचीला आधीपासून काय माहीत आहे, तिचा कुठे गैरसमज झालाय, हेही धरून चालावं लागतं. कानाच्या जरा वर आणि मागे, मेंदूचे टेम्पोरल आणि परायटल हे दोन खंड भेटतात तिथला भाग अशा वेळी कामाला लागतो. मेंदूच्या अभ्यासक रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ मध्ये तो दाखवून दिला. म्हणून मेंदूत ‘माणसांचा कप्पा’ वेगळा आहे, असं मात्र समजू नका. स्मरण, लक्ष, भाषा, सगळी यंत्रणाच राबत असते.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या २०१० सालच्या प्रयोगात एकीने मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये पडून आपली एक आठवण सांगितली. तिचं ध्वनिमुद्रण इतरांनी ऐकलं, तेही स्कॅनरमध्येच. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल तिच्या मागोमाग चालली होती. काही भागांत तर ती तिच्याही पुढे धावत होती. आणि ज्यांच्यात ही आघाडी जास्त, त्यांना गोष्ट जास्त चांगली कळली होती.

[दृश्य: सतरंजीवर बसलेलं बाळ, भोवती खेळणी.]

हे बाळ नऊ महिन्यांचं. अमेरिकेत बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी याच वयाच्या, घरात इंग्रजीच ऐकणाऱ्या बाळांना चिनी भाषेतल्या गोष्टी ऐकवल्या. बैठका फक्त बारा. सांगणारी माणसं समोर बसून, खेळणी दाखवत बोलली, तेव्हा बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. तीच माणसं, तीच गोष्ट, पण टीव्हीच्या पडद्यावर. ती पाहणाऱ्या दुसऱ्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही.

[दृश्य: बाळ खेळणं उचलून वर धरतं.]

समोर माणूस असता, तर त्याची नजर आत्ता या खेळण्याकडे वळली असती. पडद्यावरचा माणूस आपला बोलतोच आहे.