साडेचार माणसांची खुर्ची

रुग्णालय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुढे एका निवृत्त अधिसेविकेनं (मेट्रननं) दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, तुमच्या सरांनी मला 'मनुष्यबळ व्यवस्थापन' असा विषय दिला आणि स्लाइड्स आहेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, वही आहे. ही ती वही. मेट्रन ऑफिसातली ड्यूटी लिस्टची कच्ची वही. पक्की लिस्ट शाईनं लिहून नोटीस बोर्डावर लागते. ही पेन्सिलीची आहे, आणि दवाखाना खरा कसा चालतो ते हिच्यात दिसतं. एम म्हणजे सकाळपाळी, ई म्हणजे दुपारपाळी, एन रात्रपाळी, डीओ सुट्टी. बाकीच्या सगळ्या खुणा भांडणाच्या.

आधी एक हिशेब करू. कुणीतरी फळ्यापाशी या. एका वॉर्डात रात्रंदिवस एक सिस्टर हवी. फक्त एक. किती जणी नेमाल? तीन पाळ्या, म्हणून तिघी? दरवर्षी हेच उत्तर येतं. साहेब लोकही हेच देतात. आता मांडा. वर्षाच्या पाळ्या 365 गुणिले 3, म्हणजे 1095. एक बाई वर्षात किती दिवस कामावर येते? 365 मधून 52 साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, 30 अर्जित रजा गेल्या, 8 किरकोळ. सणावारी ड्यूटी केल्याच्या बदली सुट्ट्या 20 धरा. उरले 255. आता 1095 ला 255 नं भागा. 4.29. यात आजारपण नाही, ट्रेनिंग नाही, 180 दिवसांची प्रसूती रजा नाही, आणि आमच्यात बायकाच जास्त. म्हणून मी साडेचार धरते.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण तुम्ही पाठ केलं असेल. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि वर 30 टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी जादा माणसं. हे प्रमाण पाळीमागे धरलं, तरी तीन पाळ्यांवर 30 टक्के चढवून येतात 3.9. आपला हिशेब 4.29 चा. मधली ही चाळीस टक्के बाई कुठून येते? जिची रजा नामंजूर झाली तिच्यातून कापून. आणि हे सगळी पदं भरलेली असतील तर. आढावा बैठकीत 'मंजूर' आणि 'भरलेली' असे दोन रकाने असतात. 'भरलेली'मध्ये प्रतिनियुक्तीवर गेलेली असते, लसीकरणाच्या कॅम्पला पाठवलेली असते, सहा महिन्यांची बाळंतीण असते. पगार आमच्या आस्थापनेवर, माणूस भलतीकडे. मला विचाराल तर तिसरा रकाना हवा: पहाटे तीन वाजता वॉर्डात किती?

जाता जाता एक. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्यातून रुग्णालयं वगळली. बरोबरच होतं. नऊ दिवसांनी पुण्यात कोविडचा पहिला रुग्ण सापडला.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही. रुग्णालयाचं नाव घेत नाही. मे महिना होता. निम्म्या जणींच्या घरी लग्नं, दोघी बाळंतपणावर, एकीला कावीळ. एका नव्या मुलीला मी सलग सात रात्री लावल्या, आणि आठव्या दिवशी तिची बदली सिस्टर आली नाही म्हणून आणखी दोन. तिनं कुरकुर केली नाही. कुरकुर न करणारीचं नावच पेन्सिलीच्या टोकाशी आधी येतं, हे लिस्ट करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. नवव्या रात्री, चारच्या सुमाराला, अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला तिनं ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल उचलली, फोडली, सिरिंजमध्ये ओढली. काच टाकताना लेबल दिसलं. पोटॅशियम क्लोराइड. तसंच शिरेत गेलं असतं तर त्या पेशंटचं हृदय बंद पडलं असतं. दोन्ही अँप्युल सारख्याच उंचीच्या, एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या. पोरगी भरलेली सिरिंज तशीच हातात धरून खाली माझ्या क्वार्टरपर्यंत चालत आली. बोलता येत नव्हतं तिला.

चौकशी झाली. लेबल का वाचलं नाही, असं तिला तीन जणांनी तीन प्रकारे विचारलं. तिनं मेमो घेतला, खुलासा दिला. ड्यूटी लिस्ट कुणीही मागितली नाही. ती माझ्या अक्षरात होती, आणि मीही होऊन पुढे केली नाही. पोटॅशियम मात्र त्याच दिवशी ट्रेमधून उचललं आणि इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात ठेवलं. खरं तर ते पहिल्यापासून तिथेच हवं होतं.

तुमच्या अभ्यासक्रमात मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय असणारच. डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 मध्ये, 11 खाटांवर सुरू केलेलं. एका सर्जनला दोन टेबलं: एकावर शस्त्रक्रिया चालू, तोवर दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. खेड्यापाड्यांतल्या मुली निवडून, शिकवून, तपासणीपासून ऑपरेशनच्या तयारीपर्यंतचं काम त्यांच्या हाती दिलं. डॉक्टरनं तेवढंच करायचं जे फक्त डॉक्टर करू शकतो. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पण मोतीबिंदू तारीख घेऊन येतो. विंचू, बाळंतपण आणि हायवेवरचा टेम्पो तारीख घेत नाहीत. तेव्हा तिथली दोन टेबलं उचलून जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मांडू नका. घ्यायचंच असेल तर दुसरं घ्या, कुणाचा वेळ कशात जातो ते बघणं. आमची सिस्टर धोब्याचे कपडे मोजते, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी लिहिते, डाएट शीट भरते, फुटलेल्या थर्मामीटरचा हिशेब देते आणि आता कॉम्प्युटरमध्ये एंट्रीही करते. वॉर्डात एक कारकून द्या, अर्धी सिस्टर आपोआप मोकळी होईल. हे मी 3 वेळा लेखी मागितलं. कारकून आला, तो साहेबांच्या ऑफिसात बसला.

मघाशी कुणीतरी विचारलं, आता हे सॉफ्टवेअर करतं ना? करतं, आणि करावंच. रात्रीनंतर लगेच सकाळपाळी लावू देत नाही, सलग रात्री मोजतं. ते माझ्याकडे असतं तर बरं झालं असतं. पण कुणाचा मुलगा दहावीला आहे, कुठल्या दोघी पाळी बदलताना एकमेकींना ओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, बोलत नाहीत आणि म्हणून पेशंटची निम्मी हकिकत मध्येच राहते, कुणाचा नवरा रात्रपाळीला दारात उभा राहून भांडतो, हे त्याला कोण सांगणार? ते कुठल्या अर्जात लिहिलेलं नसतं. वॉर्डात राउंडला गेल्यावर, मावशींच्या बोलण्यातून कळतं.

वही मागच्या बाकापर्यंत फिरवा, पण सांभाळून, पानं सुटली आहेत. एका पानाला मधोमध खोडरबरानं भोक पडलंय बघा. तोच मे महिना.