नाल निघाली, तयारी सुरूच

घोडी दुडकी चालतेय. तिच्या डोक्याकडे बघा. पुढचा डावा पाय टेकला की डोकं वर जातं, उजवा टेकला की खाली येतं. म्हणजे दुखणं डाव्या पायात. स्पर्धा पंधरवड्यावर आलीय, एक मीटरच्या उड्यांचा सराव रंगात आलाय, आणि आज हे.

स्वाराचा धीर सुटतो तो बहुतेक वेळा नेमकं काय झालंय ते कळत नाही म्हणून. त्यामुळे आधी पाय बघायचा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवायची. निरोगी पायात नाडी जेमतेम लागते. इथे ती ठणकतेय. खूरही शेजारच्या खुरापेक्षा गरम आहे. खुरात पू झाल्याची ही लक्षणं. पावसाळ्यात खूर ओलीने मऊ पडतं, बारीक खडा आत शिरतो, मागोमाग घाण. नाल नुकतीच ठोकली असेल तर खिळा आत लागल्याचाही संशय घ्यावा.

पशुवैद्यकांनी बघितलंय, आता नालबंदाचे हात बघा. खिळ्यांची वळवलेली टोकं आधी सरळ करायची, मग टाचेकडून पकड लावून नाल थोडी थोडी उचकटायची. हिसका दिला तर खुराची कड तुटते. आता चिमट्याने तळ इंच इंच दाबत जायचं. इथे घोडीने पाय खेचला! भिंत आणि तळ जुळतात त्या पांढऱ्या रेषेत काळा ठिपका दिसतोय. सुरीचं वाकडं टोक त्याचाच माग काढत जातं, आणि हा आला करडा, काळपट पू. भोक एवढंच पुरे. तळ जास्त कोरला तर तो भरून यायला आठवडे जातात.

कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पंधरा-वीस मिनिटं खूर बुडवायचं. मग कापूस, त्यावर लहान मुलाचं डायपर, वरून रुंद चिकटपट्टीचे आडवेउभे वेढे. पट्टी केसांच्या रेषेवर चढवून आवळायची नाही, तिथे रक्त अडतं. पट्टी रोज बदलायची. धनुर्वाताची लस झालीय का, ते वहीत तपासायचं. काम बंद आहे तोवर चंदी म्हणजे दाणा कमी, गवत जास्त. चंदी तशीच ठेवली तर पोटशूळ उठू शकतो, पुठ्ठ्याचे स्नायू आखडू शकतात.

वेदनाशामक देऊन लंगडणं झाकता येतं. पू मात्र आतच राहतो, आणि फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक स्पर्धेच्या तपासणीत सापडलं तर घोडा बाद होतो. हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

आणि स्वार? 'धीर धर' म्हणून धीर येत नाही, काम दिलं की येतो. ही मुलगी घोडीविना मैदान मोजतेय. तिचं एक पाऊल ९० सेंटिमीटरचं, घोडीची कँटरमधली, म्हणजे संथ दौडीतली, एक ढांग साधारण ३.६ मीटरची, म्हणजे चार पावलं. उडीनंतर उतरायला दोन पावलं, पुढच्या उडीसाठी उठायला दोन. दोन अडथळ्यांत आठ पावलं भरली तर मध्ये एक ढांग, वीस भरली तर चार. ओळ कुठे वळवायची, नजर कुठे ठेवायची, हे आत्ताच पक्कं होतंय.

भारतीय घोडेस्वार फवाद मिर्झाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या सिन्योर मेडिकॉटवर रौप्य जिंकलं, तो घोडा नंतर दुखापतीने बराच काळ बाहेर होता. २०२१ मध्ये टोकियोत त्याच घोड्यावर फवादने ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली.

पू थांबला, नाल परत ठोकली. आता हाताने दहा मिनिटं चालवणं, मग सरळ रेषेत दुडकी, लहान गोल अजिबात नाहीत. मग जमिनीवरच्या काठ्या, दुडकीसाठी साधारण १.३ मीटर अंतराने. पहिली उडी ६० सेंटिमीटरची.

एक मीटरच्या गटातून नाव मागे घेतलंय. ८० सेंटिमीटरमध्ये उतरायचं की नाही, ते पशुवैद्यक घोडीला कडक जमिनीवर दुडकवून बघतील, मगच ठरेल.