‘दिली ती’

(दृश्य: बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दिवाळीनंतरची सकाळ. गुरुजी हजेरी घेताहेत.)

दिवाळी सरली की इथं हजेरी लवकर उरकते. गुरुजी नाव घेतात, पुढून ‘हजर’ येत नाही. आई-बाप ऊस तोडायला गेलेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, ती फिटेस्तोवर सुटका नाही.

मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पण वयात आलेल्या लेकीला मागं ठेवायला आईचा जीव धजत नाही. सोबत न्यावी, तर फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. आणि कोपीला दार नसतं. मग स्थळ बघतात. लग्न लागलं की घोर मिटतो, आणि दोघांचा नवा कोयताही होतो.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे 22 टक्के होत्या. बीडमध्ये जवळपास 44.

(दृश्य: मांडव. चुलाणावर भाताचं पातेलं.)

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर निनावी फोन जातो, तोवर नवरीला हळद लागलेली असते. 2006 च्या बालविवाहबंदी कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड ठेवलाय. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, तर ग्रामसेवक. पोलिसांना घेऊन ते येतात आणि पहिलं विचारतात, “पोरीचा शाळेचा दाखला कुठंय?” शाळा सुटली म्हणून जिचं लग्न ठरलं, तिचं वय शेवटी शाळाच सांगते.

हमीपत्र लिहून घेतात: अठरा पूर्ण होईतो लग्न करणार नाही. आईचा अंगठा उमटतो. पाहुणे जेवून जातात, शिजलेला भात कोण टाकून देतो? पुढं दुसऱ्या तालुक्यात, पहाटे, चार माणसांत लग्न लागून जातं. ग्रामसेवकाला दोष देणं सोपं आहे. पण दाखल्यापासून घरकुलापर्यंत त्यांची रोजची गाठ याच भावकीशी, आणि गुन्हाही तिच्यावरच नोंदवायचा.

खरी फट कायद्यातच आहे. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतचा. लग्नाचं वय अठरा. मधली चार वर्षं मुलगी शाळेत नसली, तर ‘का नाही’ म्हणून विचारायला शिक्षणहक्क कायदा तिच्या दारात येत नाही. आठवीनंतरचं हायस्कूल दुसऱ्या गावात, आणि एसटीचा भरवसा नाही.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे दोन्ही कायदे लागोपाठ केले होते: 1904 मध्ये बालविवाहाला बंदी, 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण. तेव्हा मुलीच्या लग्नाचं वय होतं बारा! दंड वसूल झाले; लग्नं लागतच राहिली. आज मूल शाळेत पाठवलं नाही म्हणून शिक्षणहक्क कायदा पालकांना दंड करत नाही, ते मला बरंच वाटतं. उचलीत बुडालेल्या माणसाकडून दंड तरी कसला घेणार?

असं लग्न रद्द करून घ्यायचा हक्क मुलीला आहे, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत. त्यासाठी तिनं जिल्हा न्यायालयात जायचं. सासरहून.

(दृश्य: उन्हाळा. परतलेली टोळी, ट्रॅक्टरमधून उतरणारं सामान.)

टोळ्या परतल्या की गुरुजी घरोघर फिरतात. एका दारात थांबून विचारतात, “हिचं नाव पुढच्या वर्गात घालू ना?”

आई भांडी उतरवत असते. मान वर न करता म्हणते, “दिली ती.”

गुरुजी वही उघडतात. शेऱ्याच्या रकान्यात लिहितात: स्थलांतरित.