२२ लाख अक्षरांचं जनुक

(दृश्य: पांडवलेणी, सकाळ. शाळेची सहल पायऱ्या चढते आहे.)

त्रिरश्मी डोंगराच्या या पायऱ्या नाशिकची पोरं पळतच चढतात. एखादाच मुलगा मागे राहतो. दर पायरीवर दोन्ही पाय टेकवतो. दम खायला खाली बसला, की उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर रोवत रोवत उभा राहतो. घरचे म्हणतात, आळशी आहे. पोटऱ्या तर चांगल्या भरलेल्या दिसतात, मग शंका यावी तरी कशी?

उठण्याच्या या तऱ्हेला डॉक्टर गॉवर्स चिन्ह म्हणतात. कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू अंगाचं वजन पेलेनासे झालेत, असा त्याचा अर्थ. चार-पाच वर्षांच्या मुलात हे दिसलं, तर पहिला संशय डीएमडी नावाच्या जनुकावर जातो आणि आजाराचं नाव निघतं, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

(दृश्य: निफाडजवळची द्राक्षबाग. ओळीच्या टोकाची ताणलेली तार.)

या जनुकावरून शरीर डिस्ट्रोफिन हे प्रथिन बनवतं. ते काय करतं, हे द्राक्ष बागायतदाराला चटकन कळेल. मांडव नुसत्या खांबांवर उभा नसतो. ओळीच्या टोकाची तार जमिनीत पक्की बांधलेली असते, म्हणून घडांचं वजन तो पेलतो. डिस्ट्रोफिन स्नायूपेशीला असंच बांधून ठेवतं. त्याचं एक टोक पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे तंतू धरतं, दुसरं टोक पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांना. आणि ती प्रथिनं पेशीबाहेरच्या जाळीला घट्ट धरून असतात. डिस्ट्रोफिन नसेल, तर स्नायू आकसताना पडद्याला बारीक चिरा पडतात. बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आतली द्रव्यं रक्तात सांडतात. शरीर काही वर्षं डागडुजी करतं. ती अपुरी पडू लागली, की स्नायूच्या जागी चरबी आणि तंतूंचा कठीण भाग साचतो. भरलेल्या पोटऱ्यांमागे बऱ्याचदा हेच असतं.

जरा थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. रक्तात सांडणाऱ्या द्रव्यांत एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरं (एन्झाइम) असतात; ती यकृतातही असतात आणि स्नायूंतही. रिपोर्टमध्ये ते वाढलेले दिसले, की आपल्याकडे लगेच 'लिव्हर' असा शिक्का बसतो आणि मूल महिनोन्‌महिने यकृताची औषधं घेत राहतं. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंतल्या एका विकराचं रक्तातलं प्रमाण मोजणारी साधी रक्ततपासणी, करून घ्या. या आजारात तो आकडा नेहमीच्या कित्येक पट, कधी शंभर पटही निघतो. मग दुखणं स्नायूंचं आहे, हे उघड होतं.

(दृश्य: संगणकावर अक्षरांची न संपणारी रांग.)

आता जनुकाकडे येऊ. माणसाच्या सगळ्यांत लांब जनुकांपैकी हे एक: सुमारे २२ लाख अक्षरं. अक्षरं म्हणजे डीएनएच्या साखळीतले रासायनिक घटक. एकदा पूर्ण वाचून त्याची प्रत काढायला पेशीला जवळपास १६ तास लागतात. आणि त्यातली कामाची अक्षरं किती? साधारण ११ हजार, तीही ७९ तुकड्यांत विखुरलेली. लुईस कंकल यांच्या बोस्टनमधल्या गटाने १९८६-८७ मध्ये हे जनुक आणि त्याचं प्रथिन शोधून काढलं.

पेशी ही अक्षरं तीन-तीन करून वाचते. समजा, मजकूर आहे: मदन वजन परत उचल. यातला 'परत' आख्खा गळला, तर उरतं 'मदन वजन उचल'. थोडं कमी, पण अर्थ शाबूत. उलट दुसऱ्या शब्दातला एकटा 'व' गळला, तर होतं 'मदन जनप रतउ चल'. पुढचं सगळं बिघडलं. डिस्ट्रोफिनचंही बऱ्याच अंशी असंच आहे. तिनाच्या पटीत अक्षरं गेली, तर आखूड पण चालणारं प्रथिन बनतं आणि बेकर नावाचा सौम्य आजार होतो. तिनाची घडी मोडली, तर ड्युशेन.

एवढ्या लांबलचक जनुकात नवी चूक घडायला जागाही भरपूर. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये ही चूक नव्यानेच घडलेली असते, आईच्या रक्तात ती नसतेच. तरीही बोट आईकडेच जातं, कारण जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो.

(दृश्य: लेणं क्रमांक ३, भिंतीवरचा शिलालेख.)

याच डोंगरावर गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा, सातवाहन राजा, गौतमीपुत्र म्हणून ओळखला गेला. पराक्रमी मुलाला आईचं नाव मिरवण्याची रीत या मातीत होती. आजारी मूल झालं, की मात्र तीच आई सासरच्या नजरेत गुन्हेगार ठरते. आम्हाला हे सहन होत नाही. कुठल्या गर्भात कोणतं अक्षर गळावं, हे कुणाच्या हातात नसतं. तपासणी जरूर करा, कारण आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्सवर ही चूक असेल, तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला आजाराचा धोका निम्मा असतो आणि मावशी, बहीण याही वाहक असू शकतात. तपासणी करताना दोष मात्र देऊ नका.

उपचारांचं थोडक्यात. स्टेरॉइडमुळे चालणं काही काळ टिकतं. फिजिओथेरपी, हृदय आणि श्वासाची देखरेख आयुष्य वाढवते. बिघडलेला तुकडा ओलांडून वाचायला लावणारं पहिलं औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते थोड्याच रुग्णांना लागू पडतं. जनुकोपचारात अडचण पुन्हा लांबीची. जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूत जेमतेम पाच हजार अक्षरं मावतात, म्हणून शास्त्रज्ञांना डिस्ट्रोफिनची छाटलेली आवृत्ती तयार करावी लागली.

शाळेने मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणायला मात्र कुठल्या संशोधनाची वाट पाहायला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे.

(दृश्य: दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई, हातात मुलाची फाइल.)

डिस्ट्रोफिन हृदयालाही लागतं. वाहक स्त्रीच्या हृदयाचे स्नायूही पुढे कमजोर होऊ शकतात, स्वतःला काहीच त्रास जाणवत नसला तरी. मुलाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी होते, तारीख आईच लक्षात ठेवते. ती वाहक असेल, तर त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, तिची इको कधी करायची?