किलोचा भाव, क्विंटलचा भाव

नमस्कार श्रोतेहो.

2024 सालचा मे महिना. आमच्या दिंडोरी मतदारसंघात 20 तारखेला लोकसभेचं मतदान होतं. मी पुण्याहून निफाड तालुक्यात, मामांकडे गेलो होतो. रात्री जेवताना राजकारण निघालं. मी त्यांच्या नेत्याचं नाव काढलं, त्यांनी माझ्या. आवाज चढले आणि मामा भरल्या ताटावरून उठले. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो माझ्यामुळे उपाशी झोपला. मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी ते कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा भरत होते. मीही निवडायला बसलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "मामा, डिसेंबरात नेमकं काय झालं होतं?"

मामा सांगू लागले. 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी लागली आणि लिलावात भाव कोसळला. त्यांच्याकडे तेव्हा लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल टिकत नाही. मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. 4 मे ला बंदी उठली, तोवर मामांचा लाल कांदा कधीच विकून झाला होता. मग म्हणाले, "तू भाव विचारतो किलोचा, मी विचारतो क्विंटलचा."

हे मी पेपरात वाचलं होतं, पण त्यांना कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनीही मला विचारलं, "आता तुझं सांग." पुण्यातलं भाडं, मुलांच्या फिया, मला कशाची काळजी वाटते, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तोडलं नाही त्यांनी.

मत दोघांनीही बदललं नाही. पण ज्याला मी हट्ट समजत होतो, तो त्यांच्या वर्षभराच्या घामाचा हिशोब होता.

श्रोतेहो, घरच्या माणसाशी बोलताना नेत्यांची नावं थोडी उशिरा काढा. "तुम्ही कुणाचे?" याआधी "तुमच्यावर काय गुदरलं?" हे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे जमत नाही. तिथे दहा जण बघत असतात, माघार घेणं जड जातं. सरळ फोन करा. जमलं तर घरी जा, हाताला त्यांचंच काही काम घ्या.

आता मामांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पुण्यात कांदा काय भाव?" मी किलोचा सांगतो, ते क्विंटलचा सांगतात. मग राजकारण निघतं.