कितवीचं पाहिजे?

(अप्पा बळवंत चौक, जूनचा दुसरा आठवडा. रस्त्याचा आवाज तसाच ठेवायचा, संगीत नको.)

"कितवीचं पाहिजे?"

जून महिन्यात या चौकात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तरंही ठरलेली. पाचवीचा सेट. आठवीचा, सेमी. काउंटरवरचा मुलगा मागे न बघता गठ्ठा ओढतो.

या बाई काय सांगतात ते ऐका.

"मराठी पहिलीचं, गणित दुसरीचं. मग गणित पाचवीचं, मराठी तिसरीचं. आणि दहावीचा फक्त इतिहास."

"मुलं किती?"

"तीन."

तो एकदा बाईंकडे बघतो, एकदा आमच्या कॅमेऱ्याकडे बघतो आणि शिडी लावतो.

(शीर्षक. मग घर.)

सिंहगड रोडवरचा तिसरा मजला. बैठकीची खोली हीच, जेवणाची हीच आणि अभ्यासाचीही हीच. थोरली चौदा वर्षांची, मधला दहा, धाकटी साडेसहा. तिघंही शाळेत जात नाहीत. थोरली तिसरीपर्यंत गेली. मधल्यानं बालवाडीत चार महिने काढले. धाकटी शाळेत एकदाच गेलीय, मतदानाच्या दिवशी आईचा हात धरून.

पुस्तकं आली की पहिलं काम कव्हरं घालायचं. खाकी कागद, कात्री, डिंकाची बाटली. कोपरे दुमडायचं काम थोरलीकडे, कारण तिचेच कोपरे टिकतात. कव्हरावर नेहमीचीच लेबलं: नाव, विषय, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. नाव लिहिलं जातं, विषय लिहिला जातो. इयत्तेची ओळ कोरी राहते. तुकडीसमोर धाकटीनं मांजर काढलंय.

ही कोरी ओळ मुद्दाम ठेवलेली आहे. मधल्याचं गणित वयाबरोबर पळतं आणि वाचन मागे रेंगाळतं. पुस्तकावर 'तिसरी' दिसली की तो ते उघडायचाच नाही. खाकी कव्हरानं तेवढा एक प्रश्न सोडवला. दहा वर्षांचा मुलगा वाचनाचं पुस्तक घेऊन खिडकीत बसलाय, ते कितवीचं आहे हे त्यालाही आता नीट आठवत नाही.

(माळा. शिडीवर आई. पुठ्ठ्याचा मोठा खोका.)

हा खोका पाच वर्षांपूर्वीचा. थोरली नुकतीच घरी राहू लागली होती आणि घरात कुणालाच काही कळत नव्हतं. तेव्हा परदेशातून अख्ख्या वर्षाचा तयार अभ्यासक्रम मागवला. छत्तीस आठवड्यांचं वेळापत्रक, रोज काय वाचायचं, कोणत्या पानावर काय लिहायचं, सगळं छापलेलं. कस्टम्स धरून अठ्ठावीस हजार रुपये. गणिताच्या पुस्तकात पेनी आणि डाइम, म्हणजे अमेरिकेतली नाणी. पहिल्या आठवड्याचा निसर्गपाठ झाडांची पानं लाल होऊन गळण्याचा, आणि खिडकीबाहेर आषाढ कोसळतोय.

खोका सातव्या आठवड्यात माळ्यावर गेला. त्यातला एक मोजपट्ट्यांचा संच तेवढा वापरात आहे. त्या पट्ट्याही इंचांच्या.

पेटीबंद अभ्यासक्रम वाईटच असतो, असं नाही. एकच मूल असेल आणि आईवडिलांना हात धरून नेणारं कुणी हवं असेल, तर तो कामाला येतो. पण मुलं तीन झाली की तीन खोके, तीन वेळापत्रकं, आणि शिकवणारी एकच. पुढे तिघांचाही अभ्यास सुरू झाल्यावर आईनं प्रत्येकासाठी वेगळा तक्ता केला. तो आमच्याकडे आहे, हा बघा. दिवसाचे एकूण पंधरा तास. जेवण धरलेलं नाही.

मग आजी राहायला आल्या.

(आजी. हात. पाटी.)

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. तेव्हाचा वेल्हे तालुका, आताचा राजगड. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. त्यातही गुरुजी महिन्यातले कित्येक दिवस बैठकीला, जनगणनेला, निवडणुकीला. म्हणजे चार वर्ग, एक खोली, एक बाई. सूनबाईंचा तक्ता त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "अगं, कविता तीनदा कशाला शिकवतेस?"

या घरचा अभ्यासक्रम त्या प्रश्नापासून सुरू झाला, असं आम्हाला वाटतं. आई म्हणते, इतकं नाट्यमय काही नव्हतं.

शिक्षकांच्या भाषेत याला जोडवर्ग म्हणतात. आजी पाटीवर खडूनं आखून दाखवतात. पहिली गिरवतेय, तोवर तिसरीला फळ्यावर गणित. तिसरी सोडवायला लागली की बाई चौथीकडे. चौथीतला एक गटप्रमुख दुसरीची उजळणी घेतो. पण कविता, गोष्ट, गावात फिरून केलेला परिसर, गाणी, हे चारी वर्गांचं एकदमच. "पहिलीच्या पोराला चौथीची कविता फुकट पाठ व्हायची," आजी सांगतात.

घरी मुलं शिकवणं ही काहीतरी परदेशी टूम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पाटी नीट बघावी. यातलं काहीही नवं नाही. महाराष्ट्रातल्या डोंगरातल्या शाळांनी हे वर्षानुवर्षं केलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तर गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात गेल्या आणि तिथेच शाळा भरवली.

तर आता निवड कशी होते ते बघू.

(जमिनीवर पुस्तकं. वरून शॉट.)

फरशीवर दोन ढीग. डावीकडे शिडीचे विषय, हे नाव आजींचं. गणित आणि भाषा. यात पायरी गाळता येत नाही, म्हणून इथे प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, आणि वयाकडे न बघता निवडलेलं. उजवीकडे पंगतीचे विषय. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रं, गोष्टी. इथे वाढायचं सगळ्यांना एकच, घ्यायचं ज्याच्या त्याच्या भुकेनं.

डावा ढीग खर्चाच्या मानानं हलका आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. मध्ये 2023 पासून दोनेक वर्षं राज्यानं पुस्तकं चार भागांत काढली, प्रत्येक भागात सगळेच विषय. शाळेच्या मुलाचं दप्तर त्यानं हलकं झालं असेल. पण ज्या घरात मराठी एका इयत्तेचं आणि गणित दुसऱ्याच इयत्तेचं, त्या घरात सगळेच गठ्ठे दुप्पट. त्या काळात आईनं जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ छापून घेतल्या. हे स्पायरल बायंडिंग तेव्हाचं.

नवं पुस्तक घेण्याआधी एक परीक्षा असते, पुस्तकाची. आई मधलंच कुठलंतरी पान उघडते आणि मुलाला देते. दहापैकी सात-आठ गणितं विचार करून सुटली, तर हेच पुस्तक. सगळी झटकन सुटली तर पुढचं. तीनच सुटली तर मागचं. त्यात लाज नाही, कारण कव्हर खाकी आहे.

(धाकटी, काड्यांचे गठ्ठे.)

धाकटीचं गणित सध्या आगपेटीच्या काड्यांवर चाललंय. दहा काड्या, एक रबर बँड. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर भांडला. विनोद झाले, विधानसभेत भाषणं झाली. या खोलीत तो वाद फार टिकला नाही. धाकटी गठ्ठे उचलते, "वीस," सुट्ट्या काड्या मोजते, "सात." आजी पलीकडून म्हणतात, "सत्तावीस." दोन्ही बरोबर. ती पुढच्या गठ्ठ्याला लागते.

(स्वयंपाकघर. तराजू. मधला.)

मधल्याचे अपूर्णांक पुस्तकात अडले होते. अंशाधिक, छेदाधिक हे शब्द आले की तो पेन्सिल सोलायला घ्यायचा. आजींनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जुनी पावकी काढली. किराणा दुकानात मापं शेरात होती तेव्हाचे हे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, पुढे सवायकी, दिडकी. मधला पावशेर डाळ तराजूत टाकतो आणि म्हणतो.

"चार पाव एक. पाच पाव सव्वा. सहा पाव दीड."

त्याचे हात बघा. पाढा चुकला की ताजव्याचा काटा हलतो, कुणी बोलायला लागत नाही. तीन आठवड्यांनी तो पुस्तकाकडे परत गेला. छेद म्हणजे काय, हे त्याला आता विचारायला हरकत नाही.

बाबा या फिल्ममध्ये फारसे दिसत नाहीत. आम्ही सोमवार ते गुरुवार चित्रीकरण केलं. रविवारी मात्र ते होते.

(सिंहगड. पहाट. धुकं. चढण.)

रविवार. पंगतीचा विषय.

शिवाजी महाराज चौथीच्या पुस्तकात आहेत आणि सातवीच्याही. दहावीचं इतिहासाचं पुस्तक तर सुरूच होतं ते इतिहास लिहितात कसा, इथून. म्हणजे एकाच डोंगरावर तीन पाठ. आईला वेगळं काही जुळवावं लागलं नाही, फक्त तारीख ठरवावी लागली.

कल्याण दरवाजापाशी धाकटीला घोरपडीची गोष्ट हवी. बाबा पोवाड्याच्या चालीवर ती सांगतात, घोरपड दोनदा मागे फिरते तिथे आवाज खाली आणतात. मधल्याकडे नकाशा. डोणागिरीचा कडा कुठला, चढले कुठून, उतरायची वाट कोणती. तो कड्यापर्यंत जाऊन वाकतो, आई शर्ट धरते.

थोरली देवटाक्याजवळ वही उघडून बसलीये. 4 फेब्रुवारी 1670, तानाजी मालुसरे पडले. 'गड आला पण सिंह गेला', आणि त्यावरून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, हे आपण सगळे ऐकत आलो. पण त्याच्या आधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव सापडतं, असं अभ्यासक दाखवतात. तिनं वहीत दोन रकाने आखलेत. एकावर 'पोवाडा', दुसऱ्यावर 'पत्र'. खाली प्रश्न: दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसेल तर?

त्या प्रश्नावर त्या दिवशी उत्तर आलं नाही. पिठलं-भाकरी आली. मडक्यातलं दही आलं.

(घर, रात्र. संगणक.)

थोरलीसाठी आता परीक्षेचाही विचार आहे. दहावीचे रस्ते तीन दिसले. राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा. केंब्रिजची आयजीसीएसई, खाजगी उमेदवार म्हणून; एका विषयाची फी ऐकून बाबांनी आभार मानून फोन ठेवला. आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. 1989 मध्ये सुरू झालेली संस्था. वय चौदा पूर्ण हवं, विषय पाच, त्यात एक तरी भाषा. मराठीतून लिहिता येतं. वीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या कामाला. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी.

तिनं मराठी, इंग्रजी, विज्ञान आणि चित्रकला निवडली. पाचवा विषय गृहविज्ञान असावा असं तिचं म्हणणं, गणित असावं असं आईचं. दोन दिवस या विषयावर घरात कुणी बोललं नाही. गणित ठरलं. अकरावीचा प्रवेश, पुढची शाखा, बरोबरीच्या मैत्रिणी, हे सगळं अजून पुढे आहे.

कायद्याचंही सांगायला हवं. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र त्यात लिहिलेली नाही. मधल्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षेचीही माहिती आईनं काढून ठेवली आहे.

(शेवटचा दिवस. सामान आवरताना. ध्वनिचाचणीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं.)

आमच्या ध्वनिमुद्रकानं माइक धाकटीसमोर धरला. काहीही बोल, म्हणाला. पावकी तिला कुणी शिकवलेली नाही. ती तिच्या तक्त्यातही नाही.

"चार पाव एक. पाच पाव सव्वा. सहा पाव दीड. सात पाव..."

ती थांबते. आतल्या खोलीतून मधल्याचा आवाज येतो.

"पावणेदोन."

"मला माहितीये!"